तीन जन्म, अठ्ठावन्न भाग!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठी म्हणजे डबा खाऊन झाल्यावरचा, झोप येणारा तास. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पदरात घ्या. आमच्या संपादक ताईने सांगितलं होतं, "टेक्निकल काहीतरी लिही, नाहीतर प्रवासवर्णन दे." टेक्निकल लिहायला डोकं लागतं, आणि माझा प्रवास म्हणाल तर हॉस्टेल ते कॉलेज, व्हाया कॅन्टीन. मग ठरवलं, गेल्या पी.एल. मध्ये जे खरोखर केलं त्यावरच लिहावं. गेल्या पी.एल. मध्ये मी एक चिनी मालिका बघितली. सगळी. अठ्ठावन्न भाग.

हिशोब करून ठेवलाय. एक भाग साधारण ४५ मिनिटांचा. ५८ गुणिले ४५ म्हणजे २६१० मिनिटं, म्हणजेच साडेत्रेचाळीस तास. एवढ्यात एका विषयाचा अख्खा सिलॅबस शिकवून होतो (आणि आमचा एक विषय तर तेवढ्यातही होत नाही). माझे तास गेले ते गेले. निदान तुमचे वाचावेत, किंवा नीट समजून-उमजून वाया जावेत, म्हणून हा लेखप्रपंच.

मालिकेचं इंग्रजी नाव "इटर्नल लव्ह". मूळ चिनी नावाचा अर्थ साधारण असा: तीन जन्म, तीन जगं, दहा ली पीचची फुलं. ली हे चिनी अंतराचं माप, जवळपास अर्धा किलोमीटर. म्हणजे पाच किलोमीटर पसरलेली पीचची बाग. इंजिनिअरिंगच्या मुलीने सगळ्यात आधी हेच काढलं, त्याला इलाज नाही. मालिका चीनमध्ये जानेवारी २०१७ च्या अखेरीस सुरू झाली. दिग्दर्शिका लिन यूफेन. मुख्य भूमिकेत यांग मी आणि मार्क चाओ. थांग छी या लेखिकेच्या कादंबरीवर ती बेतलेली आहे. (उच्चार मी इंग्रजी सबटायटल वाचून आणि कान लावून लिहिलेत. चिनी येणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर हसून सोडून द्यावं.)

हा प्रकार नक्की काय आहे?

या जातीच्या मालिकांना चिनी भाषेत "शियानश्या" म्हणतात. "शियान" म्हणजे अमरत्व मिळवलेला सिद्ध पुरुष किंवा स्त्री, आणि "श्या" म्हणजे शूर, न्यायासाठी लढणारा. तलवारबाजीच्या जुन्या गोष्टींना "वूश्या" म्हणतात, त्यात माणसं असतात. शियानश्यामध्ये देव, राक्षस, कोल्हे, ड्रॅगन, फिनिक्स असे सगळे असतात आणि तपश्चर्येने एकेक पायरी वर चढत जातात.

चढण्याची पद्धत आपल्याला ओळखीची वाटेल. नुसतं वय वाढलं म्हणून प्रमोशन मिळत नाही. दर वरच्या पायरीसाठी एक संकट भोगावं लागतं. कधी आकाशातून वीज अंगावर पडते, कधी माणसाचा जन्म घेऊन प्रेमात होरपळावं लागतं. वाचलात तर वरची पदवी, नाहीतर खेळ खलास. आमची रूममेट म्हणाली, "म्हणजे व्हायवाच की."

आता मला सगळ्यात आवडलेली माहिती. या संकटाला चिनीत "ज्ये" म्हणतात. मी सहज शोधलं तर कळलं की हा शब्द मूळ आपला "कल्प"! बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा संस्कृत शब्द चिनी लिपीत जसे जमतील तसे उतरवले गेले. कल्पाचं झालं "ज्येपो" आणि त्याचं लहान रूप "ज्ये". आधी अर्थ होता युगाएवढा प्रचंड काळ. युगाच्या शेवटी प्रलय येतो, म्हणून मग त्याचाच अर्थ झाला आपत्ती. राक्षसासाठीचा "मो" हा शब्द "मार" वरून आलाय, बुद्धाला मोहात पाडायला आलेला तो मार. आणि आपला "क्षण" तिकडे "छाना" होऊन बसलाय. म्हणजे मी सबटायटल वाचत होते तेव्हा मूळ आवाजात आपलेच शब्द कपडे बदलून फिरत होते.

बाकीचं सामान मात्र अस्सल चिनी. नऊ शेपट्यांचा कोल्हा आणि त्याचं छिंगछ्यू हे ठिकाण "शानहाय चिंग" म्हणजे पर्वत आणि समुद्रांच्या अतिप्राचीन ग्रंथात आहे. कुनलुन पर्वत त्यांच्यासाठी साधारण आपल्या मेरू पर्वतासारखा, देवांचा. चार समुद्रांचे चार ड्रॅगन राजे हेही त्यांच्या लोककथांतले जुनेच.

गोष्ट थोडक्यात (ज्यांना बघायची आहे त्यांनी डोळे मिटून पुढे जावं)

बाय छ्येन ही कोल्ह्यांच्या राजाची मुलगी. मुलाचा वेश घेऊन, नाव बदलून ती कुनलुनवर युद्धदेव मो य्वान याची सतरावी शिष्य होते. राक्षसकुळाशी युद्ध होतं, गुरू आपला प्राण देऊन राक्षसांच्या राजाला एका मोठ्या घंटेत कोंडतो. ही गुरूचं शरीर घेऊन घरी येते आणि स्वतःच्या हृदयाचं रक्त देऊन ते सत्तर हजार वर्षं टिकवते. हो, सत्तर हजार. या मालिकेत हजाराखाली कुणी बोलतच नाही.

मग राक्षस सुटायला बघतो, ही त्याला परत कोंडते, पण त्यात हिची शक्ती, चेहरा आणि आठवणी सगळं जातं. एका डोंगरावर ती साधी माणूस म्हणून जागी होते. तिथे तिला स्वर्गाचा युवराज ये ह्वा भेटतो. प्रेम, लग्न. तो तिचं नाव ठेवतो सूसू.

इथे आमची अख्खी विंग पाच मिनिटं हसत होती. मालिका पॉज करावी लागली. पुढे इतकं रडवणाऱ्या बाईचं नाव हे! पण सांगते, दहाव्या मिनिटाला कुणी हसत नव्हतं.

सूसू गरोदर असताना ये ह्वा तिला स्वर्गात आणतो. तिथे आजोबा, म्हणजे स्वर्गाचे सम्राट, एका मर्त्य बाईला सून म्हणून बघायला तयार नसतात. आपलं प्रेम दिसलं तर हिचा जीव जाईल, म्हणून ये ह्वा तिच्याशी मुद्दाम कोरडा वागतो. कारण मात्र सांगत नाही. सू चिन नावाची दुसरी बाई डाव रचते, एका भयंकर कड्यावरून स्वतः खाली पडते आणि सूसूने ढकललं म्हणून सांगते. त्यात तिचे डोळे जातात. शिक्षा ठरते: डोळ्यांच्या बदल्यात डोळे. आणि ते काढायला येतो स्वतः नवरा.

सूसू बाळाला जन्म देते आणि त्याच कड्यावरून उडी मारते. तिथे तिच्यावरचं बंधन तुटतं, ती परत बाय छ्येन होते, आणि एवढं दुःख नको म्हणून विसरण्याचं औषध पिते. तीनशे वर्षांनी पूर्व समुद्राच्या महालात एक छोटा मुलगा येऊन तिला "आई" म्हणतो. मागे त्याचा बाप उभा. तिला काहीच आठवत नाही. त्याला सगळं आठवतं.

हे बघताना मला आमच्या आठवीच्या संस्कृतच्या बाई आठवल्या. कॉन्व्हेंटमध्ये असूनही त्यांनी आम्हाला शाकुंतलाची गोष्ट पूर्ण तासभर सांगितली होती. रानातलं लग्न, राजवाड्यात झालेला अपमान, विस्मरण, आणि शेवटी लहान मुलामुळे झालेली भेट. सगळं तेच. फक्त इथे पारडं उलटं. तिकडे दुष्यंत विसरतो आणि शकुंतला भोगते. इकडे बायको विसरून मजेत राहते आणि नवरा तीनशे वर्षं आठवत बसतो. कालिदासाची ही चिनी आवृत्ती आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण विसर पडलेल्या माणसाने दिलेली जखम जास्त दुखते, हे दोघांनाही कळलं होतं एवढं खरं.

काय चांगलं आहे

एक. मार्क चाओचे दोन रोल. गुरू मो य्वान आणि युवराज ये ह्वा हे भाऊ आहेत आणि दिसायला एकसारखे. आपल्याकडे डबल रोल म्हटलं की एकाला मिशी लावतात किंवा चष्मा देतात. इथे तसलं काही नाही. मो य्वान उभा राहिला की वाटतं, याला आता कशाचीच घाई नाही. ये ह्वा उभा राहिला की वाटतं, याला काहीतरी बोलायचंय. शेवटच्या भागांत गुरू जागा होतो आणि दोघं समोरासमोर येतात, तेव्हा आमच्यात एकदाही गोंधळ झाला नाही की हा कोणता. ही सोपी गोष्ट नाही.

दोन. बायका. बाय छ्येन छिंगछ्यूची राणी आहे. तिचं वय एक लाख चाळीस हजार वर्षं, आणि ये ह्वाचं पन्नास हजार. नव्वद हजार वर्षांनी मोठी बायको! आमच्याकडे मुलगी दोन वर्षांनी मोठी असली तर पत्रिका परत पाठवतात. मालिकेत ती स्वतःच वयावरून कुरकुरते, त्याचे विनोद होतात, पण तिला कुणी कमी लेखत नाही. ती दारू पिते, झोपा काढते, लढते, चुका करते. सोज्वळ नायिकेचा साचा तिला बसत नाही.

तीन. आठवणी परत आल्यावर ती काय करते. आपल्या मालिकांमध्ये असं काही कळलं की नायिका आधी देवघरात जाते. ही सरळ स्वर्गात जाते, सू चिनसमोर उभी राहते आणि आपले डोळे परत घेते. रात्री एक वाजता आम्ही सगळ्या टाळ्या वाजवत होतो, तेवढ्यात वॉर्डन मॅडम आल्या. ओरडल्या. लॅपटॉप बंद करा म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि मागे वळून विचारलं, "घेतले का पण तिने डोळे?" मॅडम, हे छापून आल्यावर मला रागावू नका. दुसऱ्या दिवशीपासून तुम्ही खुर्ची घेऊन आलात हे मी लिहिलेलं नाही.

चार. उपकथा. बाय छ्येनची भाची फेंग च्यू हिचं डोंग ह्वा नावाच्या मोठ्या देवावर प्रेम आहे. पण त्याने फार पूर्वीच त्रिजन्म शिळेवरून, म्हणजे जिच्यावर सगळ्यांच्या गाठी लिहिलेल्या असतात त्या दगडावरून, स्वतःचं नाव पुसून टाकलेलं असतं. म्हणजे दोष कुणाचाच नाही आणि जमणार तर मुळीच नाही. फेंग च्यूचं काम दिलराबा दिलमुरात हिने केलंय. नाव वाचून मला वाटलं हिंदी सिनेमातली कुणी असेल. ती शिंच्यांगची उइघुर आहे. या जोडीवर पुढे २०२० मध्ये वेगळी ५६ भागांची मालिका निघाली. ती मी बघितलेली नाही. (आई, खरंच नाही.)

काय वाईट आहे

एक. लांबी. पहिले वीस भाग धावतात. मधले वीस रिक्षा थांब्यावर उभे राहतात. तोच प्रसंग आठवण म्हणून पुन्हा, मग दुसऱ्याची आठवण म्हणून पुन्हा, आणि मागे तेच "लियांगलियांग" गाणं. गाणं सुंदर आहे हो, पण किती वेळा! चीनमध्येही हे जाणवलं असावं. २०२० मध्ये तिथल्या सरकारी प्रसारण खात्याने मालिका ४० भागांपेक्षा मोठ्या नकोत अशी सूचना काढली. २०२२ ची "लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल" ही याच जातीची मालिका ३६ भागांत संपते, आणि तिच्यात श्वास घ्यायला जागा आहे.

दोन. कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं. पीचची बाग छान जमली आहे. पण जनावरं आली की २००० सालचा व्हिडिओ गेम वाटतो. ढगात उभी असलेली माणसं आणि मागचे ढग यांचं एकमेकांशी बोलणं झालेलं नाही हे आपल्यालाही दिसतं. शिवाय चिनी पोशाखी मालिकांमध्ये बरेचदा नटांचे आवाज नंतर दुसरेच लोक डब करतात. त्यामुळे कधीकधी चेहरा एक सांगतो आणि आवाज दुसरंच.

तीन. सू चिन. हिचं सगळं कुळ युद्धात मारलं गेलं, म्हणून राजघराण्याने तिला वाढवलं. केवढी मोठी गोष्ट होती इथे! दुसऱ्यांच्या उपकारावर वाढलेल्या मुलीला आपली जागा जाण्याची भीती कशी वाटते, हे दाखवता आलं असतं. पण तिला नुसतं डोळे बारीक करून भिंतीआडून ऐकायला लावलंय. दुष्ट बाईला कारण दिलं आणि मग ते कारण कपाटात ठेवून दिलं.

चार. साधी माणसं. या जगात मर्त्य माणसाची किंमत शून्य आहे. सूसूचे हाल का वाईट, तर ती मुळात राणी होती म्हणून. ती खरंच डोंगरावरची साधी अनाथ बाई असती तर? मग कड्याखाली गोष्ट संपली असती आणि स्वर्गात कुणाला फरक पडला नसता. हा प्रश्न मालिका विचारत नाही. मला मात्र तो फार टोचला.

पाच. मूळ कादंबरीवर दुसऱ्या एका कादंबरीची नक्कल केल्याचा आरोप चीनमध्ये बराच गाजला होता. लेखिकेने तो नाकारला. मी दोन्ही वाचलेल्या नाहीत, तेव्हा निकाल देणार नाही. पण असाइनमेंट कॉपी करण्यात आपण सगळे तरबेज असल्यामुळे विषय काढून ठेवला.

आणि सहावा मुद्दा

सहावा मुद्दा मी आधी असा लिहिला होता: "ये ह्वा कारण सांगत नाही, हा पटकथेतला सगळ्यात मोठा दोष आहे. एका वाक्याने सगळं थांबलं असतं. 'मी तुला वाचवण्यासाठी असा वागतोय' एवढं कानात सांगायला काय झालं होतं? पण मग ५८ भाग कसे झाले असते?" मला हा परिच्छेद आवडला होता. रूममेटला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तू हे लिहितेस? तुझ्या घरी काय झालं होतं?"

तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत नाही, म्हणून सांगते.

मी थर्ड सेमला होते. दुसरा पेपर झाला त्या रात्री माझी आजी गेली. मला कुणी सांगितलं नाही. मी रोज फोन करायचे. एकदा आई म्हणाली, आजी झोपलीय. एकदा म्हणाली, देवळात गेलीय. एकदा बाबांनी फोन घेतला आणि नुसतंच विचारलं, "जेवलीस का?" शेवटच्या पेपरला बाबा स्वतः मला न्यायला कॉलेजच्या गेटवर उभे होते. बाबा कधीच येत नाहीत. तेव्हाच कळायला हवं होतं. मी त्यांना बघून खूष झाले आणि पेपर सोपा होता ते सांगत बसले. बसमध्ये अर्धा तास मी बोलत होते.

मी तेराव्याला पोचले.

निकाल लागला, सगळे विषय सुटले. नातेवाईक म्हणाले, "बघ, बरं झालं ना सांगितलं नाही ते!" मला काहीच बोलता आलं नाही. कारण ते खरंही होतं. सांगितलं असतं तर मी पेपर दिले नसते. त्यांनी ते माझ्यासाठीच केलं होतं. आईने तेरा दिवस फोनवर आवाज नीट ठेवला, हे किती अवघड असेल! पण मला आजीला शेवटचं बघता आलं नाही. ते कोण परत देणार? आणि ज्यांचा राग यायचा ते सगळे रडून थकलेले. रागवायचं कुणावर?

म्हणून तो परिच्छेद मी खोडला. ये ह्वाचं न बोलणं हा पटकथेतला दोष नाही. ते अगदी खरं आहे. आपल्या घराघरात ये ह्वा आहेत. "तुझ्या भल्यासाठीच" हे वाक्य बोलायला ड्रॅगन व्हावं लागत नाही. प्रेम करणारा माणूस मनात ठरवतो की हिला हे झेपणार नाही, आणि तिच्या वतीने निर्णय घेऊन मोकळा होतो. सगळा भार आपण एकट्याने उचलला, असं त्याला वाटतं. तिचा वाटा आपण काढून घेतला हे त्याच्या लक्षात येत नाही. सूसूचे डोळे तर नंतर गेले. तिला काही दिसू द्यायचं नाही हे त्याआधीच ठरलं होतं.

खरा दोष पुढे आहे. बाय छ्येनला सगळं आठवतं तेव्हा तिला राग येतो. आता हे दोघं बोलतील, असं मला वाटलं. मी उशी घेऊन सरसावून बसले. पण ते नीट बोलायच्या आत ये ह्वा राक्षसाशी लढताना प्राण देतो. मग ती तीन वर्षं शोक करते, मग तो परत येतो, आणि पाच किलोमीटरच्या बागेत फुलं उडतात. म्हणजे मालिकेने काय केलं? त्याला मारून त्याची चूक माफ करून टाकली. मेलेल्या माणसावर रागवायचं कसं? आणि परत आलेल्यावर तर कोण रागवणार? तिला जे विचारायचं होतं ते तिने विचारलंच नाही: "तू मला का सांगितलं नाहीस?" अठ्ठावन्न भागांत या एका प्रश्नाला दहा मिनिटं मिळायला हवी होती. गाण्यातली दहा कापली असती तरी चाललं असतं.

मालिका संपली तो शनिवार होता. मी रविवारी घरी फोन केला आणि आईला विचारलं. दीड वर्षाने. आई खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चुकलं गं. पण परत तशी वेळ आली तर काय करीन, सांगता येत नाही." मला हे उत्तर आवडलं. खोटं नव्हतं. मग मीही सांगून टाकलं की गेल्या सेमला मी एम-थ्रीमध्ये उडाले होते आणि बाबांचं बीपी वाढेल म्हणून बोलले नव्हते. आई म्हणाली, "बाबांना माहीत आहे. तुला वाईट वाटेल म्हणून ते बोलले नाहीत."

घ्या! तीन जन्म, तीन जगं, आणि एका घरात तीन ये ह्वा.

तर मंडळी, बघावी की नाही? माझं मत असं. पहिले वीस भाग नक्की बघा. मधले वीस मेसच्या रांगेत उभं राहून पुढे ढकलत बघा. शेवटचे अठरा एकट्याने बघू नका, कुणीतरी शेजारी असावं. पी.एल. मध्ये अजिबात बघू नका, हे मी अनुभवाने सांगते. दहापैकी साडेसहा मार्क. चेकिंग कडक आहे, पण ग्रेस दिलेली नाही.

हा लेख इंग्रजी विभागात दिला असता तर चुका कमी झाल्या असत्या. पण आजीला इंग्रजी येत नव्हतं, आणि गोष्ट सांगायची म्हटलं की मला तिचीच भाषा आठवते. तिला ही मालिका आवडली असती. ये ह्वाला तिने पहिल्याच भागात झापला असता.

आणि हो, आज घरी फोन केलात तर एक गोष्ट सांगायची राहिलेली असेल ती सांगून टाका. फक्त पेपरच्या आदल्या रात्री नको!